रुपयामागे किती पैसे

मास्तर, तुमचा एक नियम मला केवढ्याला पडला ते आज सकाळी काढलं. आमच्या बिल्डिंगच्या खांबांना चौदा लोखंडी टेकू लावलेत. एकेकाचं भाडं महिन्याला साडेतीनशे आणि हा सातवा महिना, म्हणजे झाले चौतीस हजार तीनशे. कंत्राटदाराला दिलेला बयाणा गेला, कारण काम सुरू व्हायच्या आधीच पैसे अडकले. शिवाय मी लिफ्टमध्ये शिरलो की आतलं बोलणं थांबतं, त्याचं बिल वेगळं. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. लिफ्टचं दार उघडता उघडता "खजिनदारानेच तर..." एवढं अर्धं वाक्य आलं तरी मला पुरतं.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी तुमच्याशी भांडायला बसलोय. पण दुसऱ्या कुणाशी भांडू? भाईंदर पूर्वेच्या त्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात मी पॉलिशवर होतो आणि तुम्ही शेठचे हिशेबनीस. पूर्वी शाळेत शिकवायचात म्हणून सगळे मास्तरच म्हणायचे. डब्यांची चळत मोजताना मी चुकलो, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "सतराचा पाढा येत नाही आणि भांडी मोजायला निघालाय. पाठ करून ये, मग हात लाव." तीन दिवस मी मोटरच्या आवाजात सतराचा पाढा ओरडत होतो. चौथ्या दिवशी तुम्ही मला टेबलाशी बोलावलंत. वसईचा एक कारखानदार शेठकडे उधारीवर माल मागत होता. तुम्ही त्याचा ताळेबंद उघडता, चष्मा कपाळावर चढवता, पेन्सिलीने दोन आकड्यांखाली रेघ मारता. "ही त्याची एकूण मालमत्ता. आणि हे लांब मुदतीचं कर्ज, वर्षानुवर्षं फेडत राहायचं असं. भागाकार कर. मालमत्तेच्या रुपयामागे कर्ज किती पैसे?" मी म्हणालो, बासष्ट. "मग कारखाना कुणाचा? त्याचा की सावकाराचा?" शेठने माल दिला नाही. ज्यांनी दिला ते वर्षभर वसईच्या खेपा मारत होते. त्या दिवशी घरी जाताना तुम्ही ती अर्धी झिजलेली पेन्सिल माझ्या खिशात खोचलीत. त्या एका भागाकारावर मी पुढे माझा गाळा घेतला, मग दुसरा घेतला. कुणाला उधार द्यायचं, कुणाला चहा पाजून परत पाठवायचं, सगळं त्याच्यावरच.

आता सिल्व्हर पार्कला राहतोय, सोसायटीचा खजिनदार आहे. सहा वर्षं घराघरातून काढलेला दुरुस्तीचा निधी कुठल्या सहकारी बँकेत ठेवायचा यावर खाली पार्किंगमध्ये सभा भरली. दोन बँका होत्या. मी दोन्हींचे अहवाल आणले आणि तुमच्यासारखीच पेन्सिल फिरवली. एकीचं लांब मुदतीचं कर्ज मालमत्तेच्या रुपयामागे आठ पैसे, दुसरीचं शून्य. आमचे गुजराती चेअरमन म्हणाले, "आप बोलो भाई, आप तो धंधेवाले आदमी हो." मी उठलो. "एक बैंक का लंबा कर्जा जीरो है. जिसके सर पे कर्जा नहीं, वो डूबेगा कैसे?" तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं, "काका, नक्की ना? बाबांच्या पेन्शनमधून भरलेत आम्ही." मी छाती पुढे काढून म्हणालो, "अरे, माझं स्वतःचं खातं तिथेच आहे. मी तुला विहिरीत ढकलून वर उभा राहीन काय?" लोक हसले, हात वर झाले. सगळे.

दीड वर्षाने त्या बँकेची मोठी कर्जं थकल्याची कुजबुज सुरू झाली, ठेवीदारांची रांग लागली आणि पैसे काढण्यावर निर्बंध आले. ठेवींच्या विम्याचं मिळेल ते मिळेल, पण तेवढ्यात चार खांबसुद्धा होत नाहीत. पहिल्या मजल्यावर एक मॅडम राहतात, बँकेतून रिटायर झालेल्या. सभेच्या दिवशी त्या मुलीकडे नाशिकला होत्या. परवा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "भाऊ, तुमच्या भागाकारात ठेवी कुठे धरल्या होत्या?"

"ठेवी कशाला? मी कर्ज बघत होतो."

"अहो, ठेवी हेच बँकेचं कर्ज. कारखानदार सावकाराकडून घेतो, बँक आपल्याकडून घेते. फक्त ताळेबंदात ती ओळ वेगळी असते."

"पण लांबचं कर्ज तर शून्य होतं."

"तेच सांगतेय. म्हणजे आलेल्या पैशांतलं जवळजवळ सगळं उद्या सकाळी मागायला येऊ शकणाऱ्या माणसांचं. आणि कर्ज म्हणून वाटलेलं वीस-वीस वर्षांसाठी. त्या दुसऱ्या बँकेचे आठ पैसे दहा वर्षं कुणी परत मागू शकत नव्हतं, तेवढा तरी तिला टेकू होता. आठाच्या जागी तीस असते तर मीही विचारलं असतं, एवढं कशाला घेतलंत म्हणून. नुसत्या आकड्यावर बँक कळत नाही, भाऊ. कुणाचे पैसे, किती दिवसांसाठी, ते बघावं लागतं." एवढं बोलून त्या भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या. जाताना म्हणाल्या, "मला फोन केला असतात तर नाशिकहूनही सांगितलं असतं."

मास्तर, एवढं तुम्हाला नव्हतं सांगता आलं? पाढ्यासाठी तीन दिवस घसा फोडायला लावलात, आणि इथे एक वाक्य जड झालं? रात्रभर हेच घोळवत होतो. मग आठवलं की तुम्ही आयुष्यभर पगार पाकिटातून घेतलात आणि शेठच्या चेकपुरते बँकेची पायरी चढलात. तुम्ही भांड्यांच्या कारखान्याचं सांगितलंत. ते बँकेला चिकटवलं मी, कारण सगळं मला आधीच येतं असा माझा समज. तुमच्यावर ओरडणं सोपं आहे, तुम्ही उलट बोलत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा मात्र बोलतो. काल खांबाशी उभा होता, टेकूला हात लावून. मला म्हणाला, "काका, तुमचेही अडकले असतील ना? आम्हाला आणखी वाईट वाटू नये म्हणून तुम्ही बोलत नाही, कळतं आम्हाला." मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. बायको मागे उभी होती, तिने फक्त माझ्याकडे बघितलं. ती लग्नापासून सगळी बचत पोस्टात टाकते, आता भाड्याने दिलेल्या माझ्या दोन्ही गाळ्यांचे पैसेसुद्धा.

हे पत्र कुठे टाकणार? त्या मुलाच्या दाराखालून सरकवावं असं दोनदा मनात आलं. सरकवत नाही. सभेत मी खोटं बोललो नव्हतो, मास्तर, माझं खातं त्या बँकेत आहे. त्यात अकराशे चाळीस रुपये आहेत.