केरीची डॉल्फिन, पेडण्याच्या म्हशी

डिचोली,
जानेवारी १९८८

प्रिय जानकी,

केरीच्या किनाऱ्यावर तू काय केलंस ते मला सगुण ड्रायव्हरकडून कळावं? तुला दोन ओळी लिहायला काय झालं होतं? पिकनिकची बस घेऊन तो तिथे गेला होता. काल ओट्यावर चहा पिताना त्याचं एकच पालुपद, शांताबाय, तुमचं हे चेडू, ही पोर म्हणजे वाघीण!

वाळूत डॉल्फिन रुतलेली, आणि बसमधली शहाणी माणसं मासा समजून तिच्या डोक्यावर पाण्याच्या बालद्या उपड्या करत होती. तू म्हणे पेडण्याच्या गुरांच्या दवाखान्यातून एका गाभण म्हशीसाठी तिकडे आली होतीस. धावत जाऊन ओरडलीस, अरे, डोक्यावरचं ते भोक म्हणजे नाक आहे तिचं! तुमची म्हैस तळीत डुंबते तेव्हा नाक कुठे ठेवते? सगुणच्या घरी म्हशी आहेत, त्याच्या डोक्यात लगेच उजेड पडला. मग पाठीवर ओली गोणपाटं, लोकांनी शेपटीला बांधलेला दोर सोडलेला, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांच्या जाळ्याची झोळी, आणि ती पोहत खोल पाण्यात जाईपर्यंत गळाभर पाण्यात तू स्वतः.

एक शेणाचिखलात लोळणारी, शिंगाळ, जडशीळ; दुसरी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, पायच नसलेली. पण हवा दोघींना पाण्याबाहेरचीच लागते आणि पिलाला दोघी दूधच पाजतात. सस्तन प्राण्यांचा हा धडा मी निवृत्त होईपर्यंत फळ्यावर लिहिला. मुलांनी पाठ केला, मार्क घेतले, विसरून गेली. तू तो समुद्रात उतरवलास. पोरी, मला झोप लागली नाही आनंदाने.

आणि तुझ्या होणाऱ्या सासूबाई, सुशीलाबाई, परवा इथे बसून म्हणतात, म्हशीच्या पोटात हात घालणारी सून पाहुण्यांत सांगायची कशी? लग्नानंतर तिला शाळेत शिकवायला लावू. कोकणी की मराठी म्हणून आपण इतकी वर्षं घसे फोडले, गोवा राज्यसुद्धा झालं. पण लाज कशाची वाटावी हे आमच्या लोकांना एकाही भाषेत कळलं नाही. कॉन्व्हेंटातल्या नन्सनी मला गप्प बसायला उत्तम शिकवलं होतं, ते आता जमत नाही. मी विचारलं, बाई, तुमच्या चहात दूध कुणाचं असतं?

आज त्यांचा सतीश येऊन सांगून गेला की तू राजीनामा लिहून ठेवला आहेस, तुझ्या आईला, म्हणजे मला, चारचौघांत खाली बघावं लागू नये म्हणून. त्यालाही ते आवडलेलं नाही, पण आपल्या आईपुढे त्याचं तोंड उघडत नाही. माझं उघडतं. सुशीलाबाईंना मी निरोप धाडला आहे: मुलगी नोकरीसकट मिळेल, नाहीतर मिळणार नाही. सतीशशी काय बोलायचं ते तू बोल. पण माझ्या नावावर काही सोडू नकोस. तो कागद फाड आणि सोमवारी कामावर जा.

तुझीच, अजून न निवळलेली,
आई