पडद्यावरचा हात

बीडीडी चाळ, वरळी

तीर्थरूप आईच्या पायांशी,

अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे. हाताचा व्यायाम घेणाऱ्या राणेबाईंनी रोज पानभर लिहायला सांगितलंय, म्हणून घरात कुणी अडवत नाही. फोन यांच्याकडेच असतो.

हात सुधारतोय, काळजी करू नकोस. हॉस्पिटलात कॉम्प्युटरचा खेळ आहे. कॅमेऱ्यापुढे हात धरला की पडद्यावर तसाच हात हलतो. बोटं उघडून आंबे तोडायचे, टोपलीत टाकायचे. त्या हातावर भाजल्याचा एक डाग नाही गं, बघतच राहावंसं वाटतं.

बोटं किती उघडली त्याची रेघही निघते. परवा ती छान वर चढत होती आणि एकदम खाली आली. बाईंना वाटलं, मशीन बिघडलं. मागे वळून बघतात तर हे दारात उभे. माझी मूठ कधी आवळली, मलाही कळलं नव्हतं. आता बाई यांना बाहेर बसवतात.

सासऱ्यांची गिरणी संपात बुडाली, तिथल्याच टॉवरवर हे वॉचमन आहेत. रात्रपाळी असली की घरात बरं वाटतं.

स्टोव्ह भडकला, असंच मी सगळ्यांना सांगितलंय. तूही तेच सांग.

तुझे गुडघे कसे आहेत? काजू उतरले का?

दादाला पाठव. काजू द्यायला सहज आलो, म्हणावं. यांच्यासमोर विचारलं तर मी बरी आहे म्हणेन. त्याने माझ्या हाताकडे बघावं.

तुझी,
सुगंधा