साडूंची न वाजणारी खुर्ची

ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली गुडघा कटकट करतो, तरी तुझ्यासाठी वाकलोच असं समज.) खोकला गेला का? नसेल गेला तर डॉक्टर बदल, आणि गेला असेल तरी बदल. तो डॉक्टर मला पहिल्यापासून आवडलेला नाही. दाजींनाही नमस्कार. त्यांनी आपल्या दुकानातून पाठवलेला सरसाचा डबा पोचला. इतका चिवट सरस मी जन्मात पाहिला नाही. एकदा लाकूड धरलं की गरजू नातेवाइकासारखा सोडतच नाही. हे दाजींना मुद्दाम वाचून दाखव. इकडे सगळं ठीक. म्हणजे माझे साडू ठीक आहेत, आम्ही बाकीचे अज्ञानी आहोत.

तुझ्या कानावर आलं नसेल तर सांगतो, साडूंना आत्मज्ञान झालं. हेच ते विम्याचे एजंट, ज्यांनी माझ्या ओट्यावर बसून माझ्याच मरणाची अशी रसभरीत वर्णनं केली होती की मी घाबरून दोन पॉलिसी घेतल्या. आता ते म्हणतात, मरण नावाचं काही नसतंच. (मग माझे हप्ते कशाचे, हे विचारलं तर हसतात. ज्ञान झाल्यापासून ते नुसते हसतात.) झालं ते असं, की एका गिऱ्हाइकाकडे जाताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत गेला होता विमा एजंट, दार उघडल्यावर बाहेर आला तो मुक्त पुरुष. ते म्हणतात, आत अंधारात ‘मी’ विरघळला. दार उघडणारा मेकॅनिक माझ्याकडून स्टूल दुरुस्त करून घेतो, तो म्हणतो की दार उघडताच साहेब माझ्या गळ्यात पडून आईच्या नावाने रडत होते. हे मी घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, ते आनंदाश्रू.

ताई, मी आयुष्यभर खांद्यावर कपाटं घेऊन जिने चढलो. एकदाही काही प्राप्त झालं नाही, दम लागला तेवढाच. दुसऱ्याच्या कारखान्यात झाडू मारण्यापासून स्वतःच्या पाटीपर्यंत आलो, तेव्हा कोणी माझ्यापुढे डोळे मिटून बसलं नाही. तरी एक मान होता. गल्लीत कोणाचं बिनसलं की तो माझ्या दुकानात येऊन बसायचा, आणि त्याच्या खालची, दुरुस्तीला आलेली खुर्ची किती कुरकुरते त्यावरून तो किती खोटं बोलतोय ते मला कळायचं. आणि घरात तर हिचं पान माझ्या मताशिवाय हलायचं नाही. आता पडद्याचा रंगसुद्धा ही भावोजींना विचारून येते. भावोजी म्हणाले, रंग पडद्यात नसतो, पाहणाऱ्यात असतो. ही तृप्त होऊन परत आली. मी नुसतं म्हटलं, निळा घे, मळ दिसत नाही. तर म्हणे तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. सत्तावीस वर्षं माझ्या निळ्यावर हिचं घर चाललं, ते गेलं विरघळून.

मला हेवा वाटतो असं समजू नकोस. मला फक्त झोप लागत नाही.

तेवढ्यात मेहुणीने साडूंसाठी खुर्ची मागितली. दर रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत माणसं जमतात, मुक्त पुरुषाने प्लास्टिकच्या खुर्चीत किती दिवस बसायचं? मी हसत हो म्हटलं. सागवान घेतलं, पाठ दिली, हात दिले, सगळे सांधे दाजींच्या सरसाने पक्के केले. फक्त मागच्या डाव्या पायाचा सांधा कोरडा ठेवला. कोरडा सांधा पडत नाही, पण गप्पही बसत नाही; बसणाऱ्याने नुसती मांडी चाळवली तरी बोंब मारतो. माझा हिशोब सरळ होता. मन शांत तर बूड शांत. बघू म्हटलं, कोण किती विरघळलंय.

रविवारी मी दाराजवळ जागा धरली. सगळ्यांनी डोळे मिटले, मी कान उघडले. ताई, खुर्ची वाजली नाही. बाहेर हॉर्न वाजला, कोणाच्या तरी फोनने नाचाचं गाणं लावलं, शेजारच्या निवृत्त मास्तरांना शिंका आल्या, पण खुर्ची गप्प. मी घामाघूम झालो. म्हटलं, झालं की काय या माणसाला खरंच? शेवटी साडूंनी डोळे उघडले, दोघांच्या खांद्यांवर हात टेकून ताठच्या ताठ उठले आणि गोड आवाजात म्हणाले, खुर्ची ज्यांनी घडवली त्यांनीही एकदा तिच्यात बसावं. सगळे बघताहेत, ही बघतेय. बसलो. ताई, डुक्कर पकडताना जसं ओरडतं तशी ती खुर्ची ओरडली. मी सावरायला हललो, ती पुन्हा ओरडली. साडू म्हणाले, “असू दे, मन असतं एकेकाचं.” खोलीभर सगळे दयेने हसले. हीसुद्धा.

पण तुझ्या भावाचे कान तुला माहीत आहेत. निघताना आतल्या खोलीतून एक आवाज आला. खर्रर्र. कपाट उचलताना मी कंबरेला जो रुंद पट्टा बांधतो ना, तो सोडल्याचा आवाज. लिफ्टच्या धक्क्याने साडूंची कंबर लचकली आहे, ते हलतच नाहीत कारण त्यांना हलताच येत नाही. हे मी हिला सांगणार होतो. मग वाटलं, नको. ही शेकायची पिशवी घेऊन धावेल.

बाकी सर्व क्षेम. असाच लोभ ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. एक काम होतं. लहानपणी मामाच्या कारखान्यात मी एक आख्खी दुपार न हलता, न बोलता बसलो होतो, आठवतं? ते हिला सविस्तर लिहून कळव. चेहऱ्यावर तेज होतं असंही लिही. तुझ्यावर तिचा विश्वास आहे.

ता. क. मी सांडलेल्या सरसात बसलो होतो आणि चड्डी कापून मला सोडवावं लागलं, एवढं मात्र लिहू नकोस.

ता. क. वरचं दोन्ही राहू दे. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ही दुकानात आली. आल्या आल्या म्हणाली, “तुमच्या हातची खुर्ची आजवर कधी वाजली नाही. हीच कशी वाजली हो?” ताई, इतक्या वर्षांत हिने पहिल्यांदा माझ्या कामाचं कौतुक केलं, आणि तेही असं, की उत्तर दिलं तर मेलो. मी म्हटलं, सरस पातळ निघाला. तेव्हा दाजींकडून दोन ओळी हिच्या नावाने येऊ देत, की त्या डब्यात खोट होती. दाजींना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. (या पत्राचं पहिलं पान, सरसाच्या कौतुकाचं, फाडून टाक.) दाजींचं पत्र आलं की ही ते आधी मला दाखवते की भावोजींना, तेवढं मी बघतो.