यरुशलेम कधी दाखवतील?

प्रिय आई,

सलाम. आज चर्चच्या महिला मंडळाने आम्हाला पुन्हा तोच माहितीपट बघायला नेलं. जेरुसलेमचा. तू होतीस तेव्हा व्हिडिओ कॅसेट होती, आता सीडी आहे, एवढाच फरक. घरी येऊन चपलाही न काढता लिहायला बसलेय. तुझ्याशी बोलल्याशिवाय आज माझं काही खरं नाही.

आठवतं तुला पहिल्या वेळचं? इंदिरानगरहून आपण सगळ्या बायका टेम्पोत दाटीवाटीने बसून शरणपूरच्या हॉलवर गेलो होतो. तू ठेवणीतलं लुगडं नेसली होतीस. दिवे मालवल्याबरोबर उपासनेला घ्यायचीस तसा पदर डोक्यावर घेतलास.

आणि पडद्यावर काय, तर भाजीच्या गाड्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, बंदुका घेतलेले शिपाई. बोलणं सगळं इंग्रजीत. तुझा पदर कधी खांद्यावर आला, तुला कळलंही नाही. संपल्यावर बायका चहाकडे पळाल्या, तू मात्र जागची हलेनास.

"ह्ये जेरुसलेम झालं. आता यरुशलेम कदी दावतील?"

मंडळाच्या मार्थामावशी पोट धरधरून हसल्या. मी तुला समजावलं, आई, दोन्ही एकच. आपल्या बायबलात यरुशलेम, इंग्रजीत जेरुसलेम. तुझा तो पेठ तालुक्याच्या डोंगरातला हट्टीपणा, तू कसली ऐकतेस?

"नाय गं. आपलं येगळं हाय, वर सर्गातलं. तिथं कुनी रडत नाय. हितं तर ती बाई भिताडाला डोकं टेकून रडत व्हती."

नंतर कितीतरी वर्षं मी तुला चिडवलं. बस वेळेवर आली नाही की म्हणायचे, यरुशलेम कधी दाखवतील गं? तूही हसायचीस.

तुला मातीत ठेवलं त्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, आपली बहीण यरुशलेमात पोहोचली. सगळे आमेन म्हणाले. मी सोडून. कुठल्या यरुशलेमात? मला एकच ठाऊक आहे, आणि ते मी पाहिलंय. तिथे तू नाहीस. दोन्ही एकच म्हणून मीच ठासून सांगत होते ना? मग आता दुसरं कुठून आणू?

आज मी पडद्यावर वेड्यासारखी तुला शोधत होते. प्रत्येक म्हातारीचा चेहरा बघत होते. ती बाई अजून त्या भिंतीशी रडतेच आहे, आई. आज मला तिच्याशेजारी जाऊन उभं राहावंसं वाटलं.

मला प्रार्थना जमत नाही गं. डोळे मिटते तर नुसता अंधार. तू पोहोचलीस का? तिथे कुणी हात देऊन उतरवून घेतलं का तुला? एवढं कळलं तरी मी झोपेन.

आज माहितीपट संपून दिवे लागले. मार्थामावशी म्हणाल्या, "ऊठ गं सुमन, संपलं." मला उठवेना. त्या हसल्या नाहीत या वेळी. शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

माझा विश्वास आहे, असं आज मी लिहीत नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण दोन्ही एकच, असं पुन्हा कुणाला सांगणार नाही. पुढच्या वेळी नेतील तेव्हा जाईन, तुझ्यासारखा पदर घेईन. सगळ्या चहाला जाऊ देत. यरुशलेम दाखवेपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही.

तुझी वाट बघणारी,
सुमन