आंबे झेलणारीचा फुटबॉल

तीर्थरूप रावजीदादांना बहारीनहून मंगलाचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण दोन्ही कोपरं सोलली आहेत.) वहिनींचा गुडघा, अश्विनीचा अभ्यास आणि तुमचा पारा कसा आहे ते कळवावे. पारा उतरला असेल अशी आशा नाही, म्हणूनच फोन न करता सुट्टीवर निघालेल्या आपल्या गावच्या संतोषच्या हाती हे पत्र देते आहे. पत्र मध्येच कट करता येत नाही.

"चाळिशीतल्या बाईनं मैदानात उड्या मारायच्या नाहीत, इथे घरात वाढती मुलगी आहे, ती तुझंच बघून शिकेल," हा तुमचा हुकूम पोचला. मी तो मानणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. गावभर फिरलेल्या त्या मैदानातल्या फोटोत मी आडवी दिसते ती पडलेली नाही, चेंडू अडवते आहे. (अंगात चड्डी नाही, घोट्यापर्यंतची पँट आहे, मीच शिवलेली. गावानं फोटो मोठा करकरून पाहिला, पण शिवण चांगली आहे असं एकालाही म्हणवलं नाही.)

हे सुरू झालं इथल्या हूरा भागातल्या आमच्या शिवणाच्या दुकानात. महमुदा नावाची बाई टीमचे शर्ट आखूड करायला घेऊन आली. ती आफ्रिकेतल्या मलावीची, अकरा वर्षं देशाच्या संघाची गोलकीपर होती. दोन बोटं वाकडी, पुढचा एक दात खोटा, आणि ते ती दागिन्यांसारखं दाखवते. आता इथल्याच जुफैर भागातल्या एका जिममध्ये नोकरी करते आणि शुक्रवारी बायकांना खेळायला शिकवते. मी शर्ट मोजत असताना वरच्या फळीवरून दोऱ्याचं रीळ घसरलं, ते मी मान वर न करता झेललं. तिनं मुद्दाम दुसरं पाडलं. तेही झेललं. "कहाँ सीखा?" तिनं विचारलं. (गल्फमध्ये दहा वर्षं काढली की हिंदी सगळ्यांनाच येतं.) मी तिला भावाचं आणि आंब्यांचं सांगितलं.

खोटं नाही बोलले, दादा. झेल्याच्या काठीला न पोचणारे आंबे तुम्ही शेंड्यावरून टाकायचात आणि एक जरी जमिनीला लागला तरी झाडावरूनच माझा उद्धार करायचात. तेव्हा मी मुलगी आहे हे तुमच्या ध्यानात नव्हतं. आंबा चेपू नये म्हणून झेलता झेलता दोन पावलं मागे जायचं, हेही तुमचंच शिक्षण. पहिल्या सामन्यात मी तसाच चेंडू छातीशी धरून अलगद मागे मागे गेले आणि रेषा ओलांडून जाळ्यात जाऊन उभी राहिले. चेंडूला ओरखडा नाही, आणि आमच्यावर गोल. महमुदा तेवढी शांत होती. "आम नहीं है, मंगला. आगे आके पकड, यल्ला," म्हणाली. (यल्ला म्हणजे अरबीत चल.) आठ शुक्रवार तेवढंच शिकते आहे. जन्मभर मागे सरकलेली बाई, वेळ लागणारच. पण गोलात उभी राहिले की मला बरं वाटतं. तिथून बाजूला हो असं मला कुणी सांगत नाही.

तुमची हट्टी बहीण,
मंगला

ता. क. परवाच्या सामन्यात सहा गोल झाले. सगळे आमच्यावर. (दोन माझ्या मागे सरकण्याचे.) येत्या शुक्रवारी परत उभी राहणार आहे.

आणखी एक ता. क. सोबतचा कागद अश्विनीच्या शाळेचा, पालकांच्या संमतीचा आहे. तिला शाळेच्या फुटबॉल संघात घेतलं आणि पालकांची सही तुम्ही नाकारलीत, हे तिनं मला कळवलं आणि कागद फोनवर पाठवला, तो मी इथे छापून घेतला. (तिला रागावू नका, मला रागवा, मला सवय आहे.) तुमची सही मला पाचवीपासून येते. ती ठोकून कागद पाठवणारच होते, पण महमुदानं हात धरला. तिनं बापाची खोटी सही करूनच खेळायला सुरुवात केली होती. पुढे अकरा वर्षं देशासाठी खेळली, बाप एकदाही बघायला आला नाही. म्हणून कागद कोरा पाठवते आहे. सही करा. आणि सामन्याला जाऊन बसा.