मी शहाऐंशीची, तू एकोणनव्वदचा

करी रोड, मंगळवार

प्रिय नोरबू,

तुला नि घरी सगळ्यांना ताशी देलेक. तिबेटी लिपीत एवढं लांब लिहायला मला जमत नाही, म्हणून आपल्या गोठणगावच्या शाळेतल्या मराठीतच लिहितेय. पालांचा खोकला कसा आहे? इथे कुणी वडिलांना 'बाबा' म्हणून हाक मारली, की मला आपले पालाच आठवतात.

मी मजेत आहे. हॉस्पिटल मला सहा महिने परदेशी ट्रेनिंगला पाठवतंय. पासपोर्टचं विचारायला गेले, तर वकीलबाई म्हणाल्या, "तुमचा जन्म सत्याऐंशीच्या आधी इथे झालाय, कायद्याने तुम्ही भारतीयच. फक्त निर्वासिताचं कार्ड परत करा." तुझं विचारलं, तर म्हणाल्या, "ते नंतरचे. त्यांना नाही." नोरबू, आपण एकाच आईची मुलं ना रे?

घरमालकीण रखमामावशी म्हणते, "अगो, हयच जन्मलंस, हयच वाढलंस, मगे इचार कसलो?" तिचं पटतं. पण आपण इथले पाहुणे, एक दिवस परत जायचंय, म्हणून पाला साठ वर्षं ते कार्ड जपतायत. तेही पटतं.

रविवारी परळला आपल्या निर्वासित संसदेसाठी मत दिलं. यादी घेऊन बसलेल्या स्वेटरवाल्या आजोबांनी विचारलं, "पुढच्या वेळी येशील ना?" मी पटकन हो म्हणाले. मग बाहेर आल्यावर आठवलं, पुढच्या वेळी माझ्याकडे कार्डच नसेल कदाचित.

पासपोर्टचा फॉर्म अजून कोराच आहे. माझ्या जागी तू सही केली असतीस? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. पालांना मात्र एवढंच सांग, छिमीने मत दिलं.

तुझीच ताई,
छिमी आचा