गोळी घेऊन आलात का

६ जानेवारी
रोजनिशी सुरू. डॉक्टरबाईंनी सुचवलं होतं, काय वाटतं ते लिहीत जा. मला काही वाटत नाही. मी निरीक्षण करतो. फरक आहे.

वस्तुस्थिती अशी. गेल्या वर्षी ताईनं तिचं एक मूत्रपिंड मला दिलं. मोठी बहीण, साठी ओलांडलेली. घरातल्या सगळ्यांची रक्तं तपासली, जुळलं तिचंच. काम झकास चालू आहे. क्रिएटिनिन १.२. हे रक्तातल्या कचऱ्याचं माप. ऑपरेशनआधी माझं नऊ होतं, तेव्हा मी माणूस नव्हतो, गाळ होतो.

तक्रार एकच. हात थरथरतात. टॅक्रोलिमस नावाची गोळी आहे, सकाळी एक, संध्याकाळी एक, जन्मभर. शरीरानं ताईचं मूत्रपिंड परकं म्हणून हाकलू नये यासाठी. थरथर हा तिचाच प्रताप. आणखी दोन प्रकारच्या गोळ्या आहेत, त्या बिचाऱ्या गरीब आहेत. पण कुलूपदुरुस्ती करणाऱ्याचा हात थरथरणं म्हणजे गवयाला उचकी लागणं.

आज एका बाईंच्या कपाटाची किल्ली कापताना तिसरी खाच खोल गेली. दुसरी कापली, तीही गेली. बाई म्हणाल्या, राहू द्या, मी दुसरीकडे बघते. दुसरीकडे! या भागात दुसरीकडे बसलेला तो पोरगा माझ्याच हाताखाली कानस धरायला शिकला.

संकल्प: या गोळीचा विषय मुळापासून समजून घ्यायचा.

१९ जानेवारी
समजला.

औषधाच्या खोक्यातलं पत्रक भिंग लावून वाचलं. मग मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकातलं प्रकरण. इंग्रजी मी कुलपांच्या खोक्यांवरून शिकलो, पण कुठं अडलं नाही.

रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी असतात. परकं काही दिसलं की त्यांच्या आत निरोप निघतो. निरोप्याचं नाव एनफॅट. त्याच्या अंगावर फॉस्फेटची ओझी असतात, ती असेपर्यंत त्याला पेशीच्या केंद्रकात शिरता येत नाही. कॅल्सिन्यूरिन नावाचं प्रथिन ती ओझी उतरवतं. उतरली की निरोप्या आत, आणि आतून हुकूम बाहेर: फौज वाढवा, तुटून पडा.

आता गोळीची करामत. गोळी एकटी काही करत नाही. आधी ती एफकेबीपी नावाच्या एका बारक्या प्रथिनाच्या खाचेत बसते. मग दोघं मिळून कॅल्सिन्यूरिनच्या तोंडाशी जाऊन अडकतात. ओझी उतरत नाहीत, निरोप्या बाहेरच ताटकळतो, फौज झोपलेली. खरी जोडगोळी.

म्हणजे हे कुलूपच झालं. तीस वर्षं मी दुसरं केलंय काय?

जेवताना हिला सगळं समजावलं. वाटीचमच्यांनी मांडून दाखवलं. ती म्हणाली, एवढं कळलंय तर घड्याळाकडे बघा, गोळीची वेळ टळून गेलीय. बायकोला तपशील सांगू नये.

२ फेब्रुवारी
आज बाकावरच्या पकडीत मोडक्या किल्लीचं कुलूप धरलं होतं आणि एकदम लख्ख दिसलं.

किल्ली आत मोडून अडकली की ती अडकली. कुलूप बंद ते बंद. रोज सकाळ-संध्याकाळ नवी किल्ली आणून त्याच भोकात मोडत बसणाऱ्याला आपण काय म्हणू? मग जोडगोळी एकदा कॅल्सिन्यूरिनच्या तोंडाशी अडकली असताना मी वर्षभर बारा-बारा तासांनी गोळ्या का कोंबतोय? हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांनी कुलूप कधी उघडून बघितलेलं नाही. दोष त्यांचा नाही. शिक्षणाचा आहे.

संकल्प: संध्याकाळची गोळी बंद. हिला सांगायचं नाही. संशोधनात गडबड नको.

दुपारी ताईचा फोन. ती मूत्रपिंडाला लेक म्हणते. म्हणाली, काय रे धाकट्या, नांदतेय ना माझी लेक? म्हटलं, राणीसारखी. म्हणाली, तिला पाणी पाजत जा, सासुरवास करू नकोस. हसलो दोघं.

२३ फेब्रुवारी
हात दगडासारखा स्थिर. सिद्धान्त सिद्ध.

एका कचेरीची तिजोरी उघडून दिली. त्यांचा हिशेबनीस आधी तोंड वाकडं करून म्हणाला, तुम्हीच का, ऐकलं होतं आता जमत नाही तुम्हाला. उघडल्यावर तोच चहा घेऊन आला. मी चहा घेतला, बोललो नाही. मोठ्या माणसानं अशा वेळी बोलू नये.

आता सकाळची गोळीही दिवसाआड.

११ मार्च
रक्ततपासणी. हे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं, म्हणजे औषध सगळ्यात कमी किती उरतं ते कळतं. माझं उरलेलं त्यांना दाखवण्यात अर्थ नव्हता. सिद्धान्त माहीत नसलेला माणूस आकडा बघून घाबरतो. म्हणून निघण्याआधी तीन गोळ्या घेतल्या. पाहुणे येणार म्हटल्यावर पलंगावरची चादर कोण बदलत नाही?

सुई टोचणारी मुलगी म्हणाली, काका, गोळी घेऊन आलात का?

खिसे चाचपले. रुमाल, किल्ल्यांचा जुडगा, चष्मा. गोळी आणली नव्हती. म्हटलं, नाही. तिनं कागदावर खूण केली.

मी खोटं बोललो नाही. ‘घेऊन’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, त्याला मी काय करू? ज्याला नेमकं उत्तर हवं त्यानं प्रश्न नेमका कापावा. शिवाय काका कुणाला म्हणते? मी बावन्नचा आहे.

१४ मार्च
विजयाचा दिवस. रक्तातल्या औषधाचा आकडा पंधरा आला! सहा ते आठ पाहिजे. क्रिएटिनिन १.६, किंचित वर. डॉक्टरबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, औषध फार होतंय काका, त्याचाच ताण किडनीवर येतोय, डोस निम्मा करू. मी मान डोलावली. शेवटी माझ्याच मताला आल्या. त्यांना वर्ष लागलं, मला एक कुलूप.

ही म्हणाली, पण डॉक्टर, यांचे हात तर आता मुळीच थरथरत नाहीत, औषध जास्त झालं असतं तर थरथर वाढायला नको? डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं. माझ्याकडे बघितलं. मी घाईनं म्हटलं, सवयीनं जाते. त्यांनी पुढं लिहिलं.

घरी येईपर्यंत ही माझ्या हातांकडे बघत होती. तिचं असं बघणं मला आवडत नाही.

३ एप्रिल
बूट घट्ट होतायत. चामडं आकसलं असणार. वजनही वाढलंय, अंगी लागतंय.

गोळी आता आठवड्यातून दोनदा, तीही सौजन्य म्हणून.

ताईचा फोन आला, नेहमीचाच प्रश्न. म्हटलं, मजेत. म्हणाली, तुझा आवाज जड येतोय. म्हटलं, लाइन खराब आहे.

१२ एप्रिल
पोटात उजवीकडे, ताईचं जिथं बसवलंय तिथं, हात लावला की दुखतं. बाकावर वाकून बसल्यामुळे. जरा कणकण. लघवी कमी, पण दिवस उकाड्याचे, घामावाटे जात असेल. हे सगळं हिला पटवून दिलं. ती म्हणाली, पंख्याखाली बसून कसला घाम हो? चला. म्हटलं, उद्या. म्हणाली, आत्ता. माझे बूट शोधू लागली. पायात एकही जाईना. चपलेवर गेलो.

१३ एप्रिल, वॉर्ड
क्रिएटिनिन ५.८. मूत्रपिंडाचा एक तुकडा सुईनं काढून तपासला. फौज आत घुसलीय. रक्तात टॅक्रोलिमस यंत्राला मोजता येईल इतकंही नाही.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. विचारलं, गोळ्या गिळत होता का? हो की नाही?

या प्रश्नाला दुसरा अर्थ नाही. मी पुष्कळ शोधला.

शेवटी कागद मागून घेतला आणि कुलूप काढून दाखवलं. जोडगोळी, कॅल्सिन्यूरिन, मोडकी किल्ली, सगळं बाणांसकट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, कुलूप तुम्ही बरोबर ओळखलंत काका. पण किल्ली मोडत नाही. ती बसते, सुटते, परत बसते, परत सुटते. सुटलेली शरीर बाहेर टाकत राहतं. म्हणून दर बारा तासांनी नवी लागते.

हे पत्रकात ठळक छापायला हवं होतं.

हिनं सगळं दारात उभं राहून ऐकलं. डॉक्टरबाई गेल्यावर म्हणाली, ताईंना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. आणि पाण्याचा तांब्या भरायला गेली ती बराच वेळ आली नाही.

२० एप्रिल
सलाइनमधून मोठी औषधं चालू आहेत. संकल्प: यापुढे गोळी ठरल्या वेळी, घड्याळाच्या टोल्याला. बरा झालो की दुकानात दोन गजराची घड्याळं. मूत्रपिंड चिवट आहे, आमच्या घराण्याचं आहे, उभारी धरेल. माझा अंदाज एप्रिलअखेर.

क्रिएटिनिन ७.१.

डॉक्टरबाईंना अंदाज सांगितला. त्या म्हणाल्या, उद्यापासून डायलिसिस लावू. म्हटलं, किती दिवस? त्यांनी नाडी बघितली, चादर नीट केली आणि म्हणाल्या, आता तसंच, काका. ही किडनी गेली.

ताई आठवड्यानं येणार आहे. तिला सांगायचा क्रम ठरवला: आधी टी-पेशी, मग एनफॅट, मग जोडगोळी, शेवटी मी. पाया समजला की माणूस समजून घेतो.

२७ एप्रिल
ताई आली. लिफ्ट बंद होती. दोन जिने एकटी चढून आली, मधल्या वळणावर बसून. आल्यावर पहिल्यांदा माझं मशीन बघितलं, मग नळ्या, मग मला.

मी सुरुवात केली. म्हटलं, ताई, रक्तात टी-पेशी नावाचे—

ती म्हणाली, थांब रे, आधी मला बोलू दे, नाहीतर धीर व्हायचा नाही. धाकट्या, मला माफ कर. जुनं खोड, त्याचं किती चालणार. डॉक्टर तेव्हाच म्हणत होते, वय आहे, विचार करा. मीच हटून बसले, माझंच घ्या म्हणून. दुसऱ्या कुणाचं ताजं मिळालं असतं, मी आड आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

ही पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. माझ्याकडे बघत होती, पापणी न हलवता.

मी म्हटलं, असं काय बोलतेस ताई. तुझा काय दोष?

वाक्य तपासून बघितलं. चूक कुठंच नाही.

ही खोलीबाहेर निघून गेली. ताईनं नाक पुसलं, म्हणाली, किती मोठं मन रे तुझं. मग खुर्ची ओढून माझ्या सुजलेल्या पायांशी बसली आणि ते चेपत राहिली.

मी चेपू दिले.